पुन्हा पुरलेले ज्ञान

उत्खनन हे असे शास्त्र आहे, की आपला पुरावा मिळवितानाच ते तो नष्ट करीत जाते. रसायनशास्त्रज्ञाचा प्रयोग दुसऱ्याला पुन्हा करून पाहता येतो. एकदा खणलेला मातीचा थर मात्र पुन्हा कोणालाच खणता येत नाही. म्हणूनच पुरातत्त्वात प्रकाशन हा संशोधनाचा गाभा ठरतो. हे तत्त्व सारेच मान्य करतात. ते पाळण्यात दिरंगाई झाली की काय घडते, हे क्रीट बेटावरील क्नोसॉसच्या मृत्फलकांच्या कहाणीवरून कळते.

१९०० साली आर्थर ईव्हान्स यांनी क्नोसॉस येथे खोदकाम सुरू केले आणि थोड्याच दिवसांत एका अज्ञात लिपीतील फलक हाती येऊ लागले. या लिपीला पुढे ‘लिनिअर बी’ असे नाव मिळाले. १९०९ मध्ये ‘स्क्रिप्टा मिनोआ’ या ग्रंथाचा पहिला खंड निघाला. परंतु त्याचा भर क्रीटमधील अधिक जुन्या लेखनावर होता. लिनिअर बीच्या फलकांचा खंड प्रसिद्ध झाला तो १९५२ मध्ये. तोवर ईव्हान्स यांना जाऊन अकरा वर्षे लोटली होती आणि ते काम त्यांचे वृद्ध स्नेही जॉन मायर्स यांनी पार पाडले होते.

ईव्हान्स यांना आळशी म्हणता येणार नाही. उत्खननासाठी त्यांनी स्वतःची संपत्ती ओतली आणि राजवाड्याविषयीचा चार खंडांचा प्रचंड ग्रंथ १९२१ ते १९३५ या काळात सिद्ध केला. तथापि फलकांच्या प्रथम वाचनाचा मान आपलाच, ही भावना त्यांना सोडवली नाही. फिनलंडचे अभ्यासक योहानेस सुंडवाल यांनी अडतीस फलकांच्या नकला छापल्या, तेव्हा त्यांना ईव्हान्स यांचा रोष पत्करावा लागला. क्रीटची संस्कृती ग्रीकांहून भिन्न होती आणि ग्रीसवर तिचेच वर्चस्व होते, हे ईव्हान्स यांचे मत त्या काळी प्रमाण मानले जाई. ज्या पुराव्यावर ते मत पारखून घ्यायचे, तो मात्र बहुतांशी अप्रकाशितच राहिला.

या विलंबाची किंमत इतरांनी मोजली. ब्रुकलिन कॉलेजात शिकविणाऱ्या ॲलिस कोबर यांनी उपलब्ध असलेल्या तुटपुंज्या मजकुरावरून शब्दांच्या अंत्यरूपांतील नियमित बदल हुडकून काढले. मायर्स यांच्या खंडासाठीही त्या राबल्या. पण तो छापून येण्यापूर्वीच, १९५० मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी त्या निवर्तल्या.

याच्या उलट उदाहरण पायलॉसचे. तेथे १९३९ मध्ये कार्ल ब्लेगन यांना तशाच लिपीतील शेकडो फलक सापडले. महायुद्ध आडवे आले, तरी ब्लेगन यांनी संपादनाचे काम एमेट बेनेट या तरुण अभ्यासकाकडे सोपविले आणि १९५१ मध्ये ते फलक प्रसिद्ध झाले. पुढल्याच वर्षी, १ जुलै १९५२ रोजी, मायकेल व्हेंट्रिस या वास्तुविशारदाने बीबीसीवरून जाहीर केले, की या फलकांची भाषा ग्रीकच आहे. व्हेंट्रिस आपली टिपणे, त्यांतील चुकलेल्या तर्कांसह, देशोदेशीच्या अभ्यासकांना पाठवीत असत. ब्लेगन यांनीही नव्याने सापडलेला एक फलक या उलगड्यावर पडताळून पाहिला. त्यावरील तीन पायांच्या भांड्याच्या चित्राशेजारी ‘ति-रि-पो’, म्हणजे तिपाई, हाच शब्द निघाला. १९५३ मध्ये त्यांनी ही वार्ता आपण होऊन व्हेंट्रिस यांना कळविली.

घाईने छापलेला अहवाल सदोष होतो, हा आक्षेप खोटा नाही. उन्हातान्हात खपणाऱ्या उत्खनकाला प्रथम प्रकाशनाचा मान मिळावा, हेही न्याय्य आहे. परंतु त्या मानाला कालमर्यादा हवी. अन्यथा मातीतून वर आलेले ज्ञान कपाटात पुन्हा पुरले जाते. क्नोसॉसचा महाल ना कोबर यांनी खणला, ना व्हेंट्रिस यांनी. एक शिक्षिका आणि एक वास्तुविशारद, दोघांच्याही हाती होती ती केवळ छापील पाने आणि उतरवून घेतलेल्या नकला. तेवढ्या शिदोरीवर त्यांनी विद्वानांना अर्धशतक चकविणारे कोडे सोडवीत आणले. ती पाने वेळेवर पुरविणे हे उत्खनकाचे समाजाला देणे आहे.