पडवीला चाळण

मुंबई-गोवा महामार्गावर तळेरे हे वाटा फुटायचं ठिकाण. पूर्वेची वाट वैभववाडीवरून गगनबावड्याचा घाट चढते, पश्चिमेची विजयदुर्गाकडे उतरते. महामार्ग सोडून वाडीत शिरलं, की चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं आणि घराच्या पुढ्यात पडवी. या पडव्यांत हल्ली दोन तऱ्हेचे बदल दिसतात. कुणी ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचा लावून पडवीची खोली करून टाकतं, कुणी खांबाखांबांमध्ये बारीक जाळी ताणतं. निमित्त दोघांचंही एकच, दिवेलागणीला येणारे डास. पण काचेच्या घरात मे महिन्यात पंख्याखाली बसूनही अंग चिकचिकतं, आणि जाळीच्या घरातली माणसं जेवणं आटोपून पडवीतच गप्पा मारत बसलेली असतात. माझं मत सरळ आहे. पडवी बंद करू नये, गाळावी.

कारण पडवी मुळातच एक चाळण आहे. सिंधुदुर्गात पावसाळ्याच्या चार महिन्यांत ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर तिरपा येतो. जांभ्याचा चिरा सच्छिद्र. उघडा राहिला तर पाणी शोषून घेतो आणि आतली भिंत दिवाळीपर्यंत ओली राहते. पुढे झुकलेलं छप्पर आणि त्याखालची पडवी हा पाऊस माजघराच्या भिंतीपासून दोन-अडीच मीटर दूरच अडवतात. पावसाची बाजू म्हणून पश्चिमेला माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधले, की झड आत येत नाही, हवा मात्र येते. जुन्या घरांच्या पडवीला लाकडी गज असत. ते गुरं आणि कुत्री अडवत, वारा आणि रस्त्यावरून जाणाऱ्याची हाक आत सोडत. ऊन, पाऊस, जनावर, प्रत्येकासाठी एकेक गाळणी होती. गजांतून सुटत होता तो फक्त डास.

वाऱ्याचा एवढा आग्रह कशासाठी? कोकणातला उकाडा पाऱ्यापेक्षा दमटपणाचा. एक ग्रॅम घाम वाळताना शरीरातली सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. आपल्याला थंड ठेवणारं खरं यंत्र ते. पण हवा दमट आणि स्थिर असली की त्वचेलगत ओलाव्याचा थर साचतो आणि घाम वाळायचा थांबतो, नुसता ओघळतो. सेकंदाला एक मीटर वेगाची झुळूकही तो थर ढकलून देते, आणि तेवढ्यानेच दोन-तीन अंशांनी कमी तापमान असल्यासारखं वाटतं. सरकत्या दोन काचांपैकी एका वेळी एकच उघडते, म्हणजे निम्मी वाट कायमची बंद. त्यात काच उन्हाला आत घेते, पण तापलेल्या लादीतून निघणाऱ्या अवरक्त किरणांना बाहेर सोडत नाही. पश्चिमेची पडवी अशी काचबंद केली की दुपारी तिची भट्टी होते.

आता जाळी. बाजारात मिळणाऱ्या फायबरग्लासच्या नेहमीच्या जाळीत एका इंचात एका दिशेने १८ आणि दुसऱ्या दिशेने १६ धागे असतात. धाग्याची जाडी साधारण ०.२८ मिलिमीटर. हिशेब केला तर प्रत्येक भोक १.१ ते १.३ मिलिमीटरचं येतं आणि जाळीचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग मोकळा राहतो. पंख आणि लांब पाय सांभाळत डासाला त्यातून शिरता येत नाही. त्याहून बारीक चिलटं मात्र शिरतात. पण दोन तृतीयांश जागा मोकळी म्हणजे दोन तृतीयांश वारा आत, असं होत नाही. प्रत्येक धाग्याजवळ हवा घर्षणाने अडखळते आणि झुळूक जितकी मंद, तितका हा अडथळा जास्त जाणवतो. म्हणूनच खोलीच्या एका खिडकीला जाळी मारली की कोंडल्यासारखं होतं, आणि तीच जाळी पडवीच्या तीन बाजूंना, जोत्यापासून वाशापर्यंत लावली की वारा पुरतो. वेग घटतो, पण वाट कितीतरी रुंद झालेली असते. जाळीचं खरं स्थान पडवीत आहे ते यामुळे.

जाळीमागे बसलेल्या माणसाला ती थोड्या वेळाने दिसेनाशी होते, यालाही कारण आहे. आपली नजर सुमारे एक मिनिट कोनाचा तपशील वेगळा ओळखू शकते, म्हणजे अंशाचा साठावा भाग. ०.२८ मिलिमीटरचा धागा एक मीटरवरून जवळपास तेवढाच कोन करतो. त्यात नजर दूरच्या फणसावर लागलेली असली, की जवळचे धागे पुसट होऊन त्यांचा फिकट पडदा होतो. हा पडदा काळा असेल तर समोरचं हिरवं स्पष्ट दिसतं. पांढरी किंवा चकचकीत जाळी उन्हाचा प्रकाश डोळ्यांकडे परतवते आणि समोर धुकं पसरल्यासारखं वाटतं. पांढरी स्वच्छ दिसते म्हणून लोक ती घेतात आणि मग अंगण अंधूक दिसतं. दिवसा बाहेरच्याला आतलं दिसत नाही, कारण आत अंधार जास्त. रात्री पडवीत दिवा लावला की हाच खेळ उलटतो.

अशा जाळीची गाजलेली परीक्षा झाली ती १९०० साली, इटलीत. त्याआधी तीन वर्षं, २० ऑगस्ट १८९७ रोजी, सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत मलेरियाचा परजीवी दिसला होता. तरी दलदलीतली दूषित हवाच ताप आणते, ही समजूत जात नव्हती. तेव्हा लंडनमधले डॉक्टर पॅट्रिक मॅन्सन यांच्या योजनेनुसार लुई सँबन आणि जॉर्ज लो हे डॉक्टर रोमजवळच्या ओस्तियाच्या दलदलीत जाळी लावलेली लाकडी झोपडी बांधून राहिले. ऐन तापाच्या हंगामात ते दिवसा बाहेर फिरत, तिथलंच पाणी पीत, रात्री तीच हवा घेत. फक्त सूर्य मावळण्याआधी जाळीच्या आत येत. मलेरियावरचं क्विनीन न घेताही त्यांना ताप आला नाही. त्याच वर्षी रोममध्ये मलेरियाच्या रुग्णाला चावलेले डास लंडनला नेऊन मॅन्सन यांच्या मुलाला चाववले गेले, आणि त्याला हिवताप झाला. प्रश्न तिथे मिटला. मला हा प्रयोग वैद्यकशास्त्रातला अत्यंत देखणा प्रयोग वाटतो, कारण त्यातलं मुख्य उपकरण कुणालाही विकत घेता येण्यासारखं होतं. पुढे १९०४ पासून पनामा कालव्यावर अमेरिकी लष्करी डॉक्टर विल्यम गोर्गस यांनी डासांविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हा कामगारांच्या घरांचे व्हरांडे जाळीत गेले. लोखंड समुद्री हवेत टिकत नाही म्हणून तिथे तांब्याची तार वापरली गेली.

हा गंज आपल्या किनाऱ्यालाही चुकलेला नाही. खाऱ्या हवेतले क्लोराइड स्टेनलेस स्टीलवरचा क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ संरक्षक थर जागोजागी फोडतात. मालवण-देवगडसारख्या ठिकाणी घेताना ३१६ प्रतीचं मागावं. त्यात मॉलिब्डेनम असतं, ते हा थर टिकवायला मदत करतं. तळेरे सह्याद्रीच्या बाजूला, तिथे फायबरग्लास चालतो, पण माकडांचा वावर असेल तर तो फाटतो. आमच्या ओळखीच्या एका घरी बाहेरून जुने लाकडी गज आणि आतून जाळी अशी जोडी आहे. मला ती सर्वांत शहाणी वाटते.

जाळी लावूनही डास येतातच, ही तक्रार नेहमीची. कौलारू घरात याचं उत्तर बहुतेक वेळा वर असतं, भिंतीचा माथा आणि छप्पर यांच्यामधल्या फटीत. गांबियात झालेल्या आणि २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दारं, खिडक्या आणि ही वरची फट असं सगळं बंदिस्त केलेल्या घरांत मलेरियाचे डास निम्म्याहून कमी झाले, आणि मुलांमधला रक्तक्षयही घटला. तिथे नुसतं जाळीचं छत ताणूनसुद्धा बराच फरक पडला. आपल्याकडे पडवीच्या वाशांखाली असं छत सहज बसतं. डेंग्यूचा एडिस मात्र दिवसा चावतो, म्हणून दार सकाळीही ओढलेलं हवं. ते बाहेर उघडणारं असावं, म्हणजे जाळीवर बसलेले डास उघडताना आत ढकलले जात नाहीत. शेजारच्या काकी दिवसातून दहा वेळा नातवाला ओरडतात, "दार ओढून घे रे, डास भितुर येतत!" दाराला स्प्रिंग बसवली तर त्यांचा घसा वाचेल.

पावसाची एक गोष्ट जाळीच्या विरुद्ध जाते. एक-सव्वा मिलिमीटरच्या भोकात पृष्ठताणामुळे पाण्याचा पापुद्रा धरून राहतो. झड लागलेली जाळी अशा पापुद्र्यांनी भरली की वारा अडतो. त्यामुळे जाळी छपराच्या कडेला नको, पागोळ्यांपासून निदान हात-दीड हात आत हवी. जुन्या सुतारांनी गज नेमके तेवढेच आत बसवलेले असत.

मृगाच्या पहिल्या सरींनंतरच्या संध्याकाळी जमिनीतून पंख फुटलेली वाळवी हजारोंनी वर येते आणि दिव्याकडे झेपावताना दिसते. पण किडे खरं तर दिव्याकडे ओढले जात नाहीत, असं २०२४ साली सॅम्युएल फेबियन, यश सोंधी या संशोधकांनी आणि सहकाऱ्यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने पतंग आणि चतुरांसारखे कीटक टिपून दाखवलं. उडणारा किडा पाठ उजेडाकडे ठेवतो, कारण कोट्यवधी वर्षं उजेडाची बाजू म्हणजे आकाश होतं. दिवा शेजारी आला की वर कुठे आणि खाली कुठे हेच त्याला उमगत नाही, आणि तो गिरक्या घेत राहतो. काचेच्या खोलीत अशा वेळी काच उघडी ठेवायची तर दिवा मालवून बसावं लागतं. जाळीच्या पडवीत पानं वाढलेली असतात, बाहेर जाळीभर पंख फडफडत असतात, आणि पाल बाहेरच्या बाजूने पोट दाखवत एकेक किडा टिपत वर सरकते. सकाळी हिराच्या केरसुणीने पायरीवरचे पंख गोळा केले, की ते सुपभर निघतात.