ऑइल फिल्टर : आटे जुळले म्हणजे सगळे जुळले असे नाही

दसऱ्याला आपण गाडी धुतो, झेंडूचा हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. गाडीवर आपला जीव असतो. पण त्याच गाडीच्या पोटात ऑइल गाळणारा एक छोटासा डबा असतो. तो कोणत्या नंबरचा बसवला आहे, असे विचारले तर आपल्यापैकी बहुतेक जण मिस्त्रीकडे बोट दाखवतील. आज बोलायचे आहे ते या डब्याविषयी, म्हणजे ऑइल फिल्टरविषयी.

इंजिनमधले ऑइल दोन कामे करते. फिरणाऱ्या भागांमध्ये पातळ पडदा धरून घर्षण कमी करते आणि घासून निघालेला कचरा स्वतःसोबत वाहून नेते. या कचऱ्यात लोखंडाचा बारीक कीस असतो, डिझेलची काजळी असते आणि हवेतून आत शिरलेली धूळ असते. हा कचरा पुन्हा बेअरिंगमध्ये गेला तर तो पॉलिश पेपरसारखा घासत राहतो. म्हणून पंप ऑइल आधी फिल्टरमध्ये ढकलतो, मग इंजिनला देतो. गाडी पळत असताना सगळे ऑइल एका मिनिटात अनेक वेळा या फिल्टरमधून जाते.

सुरुवातीच्या मोटारींना असा फिल्टर नव्हता. १९२३ मध्ये अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्ग यांनी तो तयार केला आणि 'प्युरोलेटर' असे नाव दिले. ऑइल पुढेही शुद्ध राहावे, असा त्या नावाचा भाव. आज पेट्रोल-डिझेलवर चालणारी, पण फिल्टर नसलेली कार मिळणार नाही.

आपल्या भागात त्याची गरज जरा जास्तच आहे. लातूरहून चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेड गाठणारी जीप किंवा टॅक्सी मुख्य रस्त्यावर थोडी आणि गावाच्या कच्च्या रस्त्यांवर बरीच फिरते. उन्हाळ्यात फुफाटा उडतो, मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो. ओव्हरलोड असतो, थांबत थांबत प्रवास असतो. गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत याला 'कठीण वापर' म्हणतात आणि अशा गाडीचे ऑइल व फिल्टर नेहमीच्या मुदतीपेक्षा लवकर बदला, असे सांगितलेले असते. हे पान फार थोडे लोक उघडतात.

आता मुख्य मुद्दा. फिल्टर घेताना आपण काय करतो? दुकानात जाऊन गाडीचे नाव सांगतो. पण नावावर फिल्टर ठरत नाही. स्विफ्टचेच उदाहरण घ्या. पेट्रोल स्विफ्टला पत्र्याचा, आट्यांवर फिरवून बसवायचा फिल्टर लागतो. डिझेल स्विफ्टला घरात बसणारा नुसता कागदी फिल्टर लागतो. मारुतीने डिझेल गाड्या २०२० मध्ये बंद केल्या, पण टॅक्सी म्हणून त्या आजही भरपूर धावतात. गाडी एकच, नाव एकच, फिल्टर मात्र दोन. म्हणून दुकानदाराला मॉडेल, वर्ष, पेट्रोल की डिझेल आणि जमल्यास इंजिन नंबर सांगावा, आणि पुस्तिकेतला पार्ट नंबर डब्यावरच्या नंबराशी जुळवावा.

यापुढची चूक जास्त महाग पडते. 'हा पण बसतो की!' असे म्हणून वेगळ्या गाडीचा फिल्टर लावला जातो. आटे जुळतात, रबरी रिंग टेकते, गळती होत नाही. पण आतले दोन भाग जुळले नाहीत तर काय होते, ते बघा.

पहिला भाग म्हणजे बायपास व्हॉल्व्ह. ऑइल थंड आणि घट्ट असेल किंवा फिल्टर तुंबला असेल, तर हा व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल न गाळता का होईना, इंजिनला पोचते. न गाळलेले ऑइल चालेल, पण ऑइलच नसणे चालणार नाही, हा त्यामागचा विचार. काही गाड्यांत हा व्हॉल्व्ह इंजिनमध्येच असतो, काहींत फिल्टरमध्ये. ज्या गाडीला तो फिल्टरमध्ये हवा आहे तिथे व्हॉल्व्ह नसलेला डबा लावला, तर तुंबल्यावर इंजिन कोरडे पडते. व्हॉल्व्हचा दाब कमी असेल तर तो सतत उघडा राहतो आणि कचरा आत जात राहतो. टर्बो असलेल्या गाडीत तर ही हयगय जास्तच अंगलट येते.

दुसरा भाग म्हणजे आतली रबरी झडप. गाडी बंद केल्यावर फिल्टरमधले ऑइल खाली उतरू नये म्हणून ती असते. झडप खराब असेल तर सकाळी स्टार्ट करताच दोन-तीन सेकंद खडखड येते. ते क्षण इंजिन कोरडे फिरत असते. हलक्या रबराची झडप सततच्या उष्णतेने कडक होते.

बाहेरून हे दोन्ही भाग दिसत नाहीत, म्हणूनच डुप्लिकेट माल खपतो. खोका ओरिजिनलसारखा असतो, आत कागद कमी आणि गोंद कच्चा असतो. वजनावर किंवा रंगावर जाऊ नका. खोक्यावरचा आणि डब्यावरचा नंबर एकच आहे का बघा, छपाई पुसट आहे का बघा, आणि पक्के बिल घ्या. ओळखीच्या कंपनीचा, आपल्या इंजिनसाठी दिलेला फिल्टर चालतो, तो शोरूममधलाच हवा असे नाही. बिल जवळ असले की वॉरंटीच्या वेळी आणि ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ क्रमांकावर, तक्रार करताना आपले म्हणणे मांडता येते.

बसवताना जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनला चिकटून राहिली नाही ना, हे आधी पाहावे. दोन रिंगा एकावर एक आल्या तर ऑइल उडून जाते. नव्या रिंगेला बोटाने थोडे ऑइल लावावे. रिंग टेकल्यावर डब्यावर सांगितले असेल तेवढाच, बहुधा पाऊण फेरा, हाताने आवळावा, पान्याने नव्हे. मग इंजिन चालू करून गळती पाहावी, बंद करून थोड्या वेळाने ऑइलची पट्टी तपासावी.

काढलेले ऑइल आणि जुना फिल्टर नालीत टाकू नका. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात मोडते. नांदेडची नाली गोदावरीकडे जाते. आणि लातूरकरांनी तर २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यायले आहे. पाण्याची किंमत त्यांना वेगळी सांगायला नको. डबा भरून ठेवा आणि अधिकृत गोळा करणाऱ्याकडे किंवा सर्व्हिस सेंटरला द्या.

फिल्टरला काही शे रुपये लागतात. इंजिन उघडावे लागले तर खर्च हजारोंच्या घरात जातो, आणि ज्याचे पोट गाडीवर आहे त्याचे रोजचे भाडेही बुडते. तेव्हा पुढच्या वेळी ऑइल बदलायला जाताना गाडीची पुस्तिका सोबत न्या, आणि जुना फिल्टर निघताना स्वतः उभे राहून नवा नंबर वाचा.