अंगठ्यानंतरची सही

छंद कुठला, असं कुणी विचारलं की आपण बायका भरतकाम सांगतो, रांगोळी सांगतो, फार तर जुनी गाणी. मी 'सह्या जमवते' म्हटलं की समोरचीला लगेच सचिन नाहीतर माधुरी आठवते. तसली एकही सही माझ्याकडे नाही. मी जमवते ती दलित चळवळीतून आलेल्या माणसांची आत्मकथनं, आणि तीही होता होईल तो लेखकाच्या नाहीतर लेखिकेच्या सहीची.

भाईंदर पूर्वेला इंद्रलोकमध्ये आमचं वन रूम किचन. टीव्हीशेजारच्या शोकेसचे दोन खण या पुस्तकांचे. सुरुवात झाली ती सहा डिसेंबरला. लोकलने दादरला उतरायचं, चैत्यभूमीवर डोकं टेकवायचं आणि मग शिवाजी पार्कातल्या पुस्तकांच्या स्टॉलवर जायचं. लांबलांबून भाकरी बांधून आलेली माणसं परत जाताना पिशवीत पुस्तक नेतात, हे तिथे बघावं! पुढे व्याख्यानं, प्रकाशन समारंभ आणि जुन्या पुस्तकांची दुकानं अशी माझी फिरती वाढत गेली.

"मजकूर तर तोच. मग सही कशाला?" आमच्या घरातला हा नेहमीचा प्रश्न. माझं उत्तर असं, की माझी आजी जन्मभर अंगठा लावत आली. रेशनचं कार्ड असो की जमिनीचा कागद, निळी शाई बोटाला फासायची आणि दाबायचं. ज्यांना पिढ्यान् पिढ्या अक्षराच्या जवळ येऊ दिलं नाही, त्यांच्या घरातली बाई स्वतःचं पुस्तक लिहिते आणि पहिल्या पानावर स्वतःच्या हातानं नाव लिहिते. मला ती सही पुस्तकाचंच एक पान वाटते.

फलटणच्या बेबी कांबळे यांचंच बघा ना. छोटं किराणा दुकान चालवायच्या. माल बांधायला आणलेल्या रद्दीचे कागद वाचून वाचनाची गोडी लागली. दुकानात बसल्या बसल्या त्यांनी आपल्या माणसांचं जगणं लिहून काढलं आणि घरच्यांना कळू नये म्हणून कितीतरी वर्षं ते लपवून ठेवलं. 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तक म्हणून आलं. ज्या बाईला लिहिलेलं दडवावं लागलं, तिनं उघडपणे सही करायची, ही केवढी गोष्ट! त्या २०१२ मध्ये गेल्या. माझ्याकडच्या प्रतीवर त्यांची सही नाही. ते पान मी कोरं ठेवलंय, माझं नावसुद्धा त्यावर घातलेलं नाही.

शांताबाई कांबळे यांचं मूळ नाव नाजा. सोलापूर जिल्ह्यातल्या महूदच्या. शिक्षिका झाल्या आणि निवृत्तीनंतर 'माज्या जल्माची चित्तरकथा' लिहिली. दूरदर्शनवर 'नाजुका' ही मालिका आली होती, ती याच पुस्तकावरची. नाशिकच्या शांताबाई दाणी यांनी आपलं आयुष्य दुसरीला सांगितलं, तिनं ते शब्दांत उतरवलं आणि 'रात्रंदिन आम्हां' तयार झालं. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी तर चळवळीतल्या बायकांच्या घरी जाऊन त्यांना बोलतं केलं. त्यातून १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' आलं. ते नसतं, तर सत्याग्रहांना, परिषदांना कडेवर पोर घेऊन गेलेल्या किती बायकांची नावं राहिली असती?

सातासमुद्रापारही असंच. अमेरिकेत रोझा पार्क्स या बाईनं १९५५ मध्ये बसमधली जागा गोऱ्या माणसाला द्यायला नकार दिला. मग माँटगोमेरी शहरातल्या काळ्या लोकांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला. त्या लढ्यावर मार्टिन ल्यूथर किंग यांनी पुस्तक लिहिलं. २० सप्टेंबर १९५८ला न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या एका दुकानात ते त्या पुस्तकावर सह्या देत बसले होते. तेवढ्यात एका बाईनं पत्र फोडायची सुरी त्यांच्या छातीत खुपसली. मोठी शस्त्रक्रिया झाली आणि ते वाचले. तिकडे आज अशा सहीच्या प्रती लिलावात महाग विकल्या जातात. आपल्याकडे मात्र घर आवरताना त्या रद्दीत जातात, आणि तिथूनच कधीकधी माझ्यापर्यंत येतात.

आता शोकेसची गोष्ट. भिशीला आलेल्या एकीनं पुस्तकांवर नजर फिरवली आणि आवाज खाली आणून विचारलं, "तुम्ही त्यांच्यातल्या का हो?" मी "हो" म्हटलं आणि चहा पुढे केला. रात्री घरात चर्चा झाली. पोरीच्या लग्नाचं बघायचंय, पुस्तकं आतल्या कपाटात ठेवली तर काय बिघडेल? मी नाही म्हटलं. 'बलुतं' १९७८ मध्ये आलं तेव्हा आपल्यातल्याच काही शिकलेल्या माणसांना वाटलं होतं, की घरातली लक्तरं चव्हाट्यावर कशाला? दया पवारांनी ते झेललं. त्यांचं पुस्तक मी कपाटात लपवू? पुस्तकं तिथेच आहेत. त्याच भिशीतल्या रत्नागिरीकडच्या एकीनं उर्मिला पवारांचं 'आयदान' वाचायला मागून नेलं. आयदान म्हणजे बांबूच्या सुपल्या-टोपल्या, हे तिला सांगावं लागलं नाही. लेखिकेची आई त्याच विणून घर चालवायची.

कुणाला असा संग्रह करावासा वाटला, तर चार गोष्टी सांगते. सही घेताना खाली तारीख आणि गाव लिहून घ्या. जुनी प्रत घेताना सही छापलेली नाही ना, ते पानाच्या मागून बोट फिरवून बघा. पेनचा दाब बहुतेकदा लागतो. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, ती पिवळी पडते. आमच्याकडे खाडीची दमट हवा, म्हणून पुस्तकं भिंतीपासून चार बोटं लांब ठेवते. कडक उन्हात ठेवायची नाहीत, शाई उडते. आणि वाचायला द्यायला बिनसहीची एक प्रत वेगळी ठेवायची. पुस्तक बंद राहिलं, तर सहीला काय अर्थ?

आणखी एक सांगावंसं वाटतं. पुस्तक लिहिणाऱ्या बायका मोजक्याच असतात. पण मोर्चाला गेलेली, गाव सोडून आलेली, पोरांना शिकवण्यासाठी धुणीभांडी केलेली एखादी आई, मावशी, आत्या तुमच्या घरात असेलच. दुपारच्या वेळी तिच्याजवळ वही घेऊन बसा. ती सांगेल तसं, तिच्याच भाषेत लिहा. आणि खाली तिची सही घ्या. येत नसेल, तर आधी शिकवा.