उसासाठी नत्रयुक्त खत : कोणते, कधी आणि कसे द्यावे?

उसाला नत्र म्हणजे युरिया, असे समीकरण अनेक ठिकाणी झाले आहे. मात्र खताचा प्रकार, वेळ आणि देण्याची पद्धत चुकल्यास दिलेल्या नत्राचा बराचसा भाग हवेत किंवा पाण्याबरोबर निघून जातो. खर्च होतो, पण ऊस वाढत नाही.

नत्र वाया कसे जाते?
युरिया जमिनीत पडल्यावर काही दिवसांतच त्याचे अमोनियममध्ये व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर होते. युरिया उघड्यावर फेकल्यास, विशेषतः चुनखडीयुक्त, जास्त सामू असलेल्या जमिनीत व उन्हाळ्यात, अमोनिया वायूरूपाने उडून जातो. नायट्रेट मोकाट पाण्याबरोबर मुळांच्या खाली झिरपते. पाणी साचलेल्या भारी काळ्या जमिनीत ते वायूरूप होऊन नष्ट होते.

खतांची निवड
- निमयुक्त युरिया (४६ टक्के नत्र) : ४५ किलोच्या गोणीत सुमारे २०.७ किलो नत्र असते. निंबोळी आवरणामुळे नायट्रेट तयार होण्याचा वेग कमी होतो. ठिबकमधूनही देता येतो.
- अमोनियम सल्फेट (सुमारे २०.५ टक्के नत्र) : गंधकही मिळते. गंधकाची कमतरता असलेल्या, जास्त सामूच्या जमिनीत उपयुक्त. हेही मातीआड करणे गरजेचे आहे. एका युरिया गोणीइतक्या नत्रासाठी याच्या ५० किलोच्या साधारण दोन गोण्या लागतात.
- कॅल्शियम अमोनियम नायट्रेट (सुमारे २५ टक्के नत्र) : निम्मे नत्र नायट्रेट रूपात असल्याने पिकाला लवकर लागू पडते. मात्र हलक्या जमिनीत भरपूर पाणी दिल्यास ते झिरपून जाते.

किमतीची तुलना गोणीवर न करता प्रति किलो नत्रावर करावी.

सुरू उसासाठी एकरी हिशेब
सुरू हंगामासाठी हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद व ११५ किलो पालाश, म्हणजे एकरी सुमारे १००:४६:४६ किलो अशी शिफारस आहे. माती परीक्षणानुसार त्यात बदल करावा. डीएपी वापरल्यास त्यातील नत्र वजा करण्यास विसरू नये.
- लागणीवेळी (१० टक्के नत्र) : डीएपी १ गोणी (५० किलो). त्यातून ९ किलो नत्र मिळते, वेगळ्या युरियाची गरज नाही.
- ६ ते ८ आठवड्यांनी (४० टक्के) : युरिया २ गोण्या.
- १२ ते १६ आठवड्यांनी (१० टक्के) : युरिया अर्धी गोणी.
- मोठ्या बांधणीवेळी (४० टक्के) : डीएपी १ गोणी व युरिया दीड गोणी.

पालाशची निम्मी मात्रा लागणीवेळी व निम्मी मोठ्या बांधणीवेळी द्यावी. खत सरीत देऊन मातीने झाकावे, नंतर हलके पाणी द्यावे.

खोडव्यात पाचटावर युरिया फेकू नये. पहारीने बुडख्यापासून १० ते १५ सें.मी. अंतरावर, १० ते १५ सें.मी. खोल छिद्र घेऊन खत द्यावे व छिद्र बुजवावे. दोन छिद्रांत ३० सें.मी. अंतर ठेवावे.

उसावर होणारा परिणाम
सुरुवातीला नत्र कमी पडल्यास फुटवे कमी येतात व पुढे गाळपयोग्य उसांची संख्या घटते. मोठ्या बांधणीनंतर उशिरा दिलेल्या नत्रामुळे पाने हिरवीगार दिसतात, पण उशिरा फुटवे येतात, ऊस लुसलुशीत होऊन लोळतो, पक्वता लांबते आणि साखर उतारा घटतो.

पिवळेपणा म्हणजे नत्राची कमतरता नव्हे
आधी कोणती पाने पिवळी आहेत ते पाहावे. खालची जुनी पाने पिवळी असतील, तर नत्राची कमतरता असू शकते. वरची नवीन पाने पिवळी-पांढरी व शिरा हिरव्या असतील, तर ती लोहाची कमतरता (केवडा) असते. चुनखडीयुक्त जमिनीतील खोडव्यात ती जास्त दिसते. अशा वेळी युरियाची आणखी एक गोणी टाकून उपयोग नाही. माती परीक्षणानुसार एकरी १० किलो फेरस सल्फेट चांगल्या कुजलेल्या शेणखतात मुरवून द्यावे.

पुढील हप्त्याची गोणी फोडण्यापूर्वी माती परीक्षण अहवालातील सामू, चुनखडीचे प्रमाण व सेंद्रिय कर्ब तपासावा. खताची निवड तेथूनच सुरू होते.