कोपऱ्याची लादी

दिवाळीच्या घर-सजावट पुरवणीसाठी ‘लाद्यांची नवी डिझाइन्स कुठून सुचतात’ यावर काहीतरी लिहून द्या, अशी संपादकांची फर्माईश होती. दोन शोरूम पाहायच्या, एखाद्या आर्किटेक्टला फोन करायचा, चार झकास फोटो मिळवायचे, की काम संपलं. पण दादर-माटुंग्याच्या जुन्या इमारतींत जिन्याच्या वळणावर आणि दिवाणखान्यात दिसणाऱ्या त्या नक्षीदार सिमेंटच्या लाद्या माझ्या डोक्यात बसलेल्या होत्या. पाकळ्या, चौकडे, तिरपे ठोकळे, आणि कडेने फिरणारी वेलबुट्टी. शोरूम बाजूला ठेवून ठाणे जिल्ह्यातला असा एक छोटा कारखाना गाठला. पत्र्याची शेड, सगळ्यावर राखाडी भुकटी, दोन प्रेस, पाण्याच्या टाक्या आणि घोड्यांवर उभ्या रचलेल्या ओल्या लाद्या.

कागदोपत्री इतिहास चार ओळींत मावतो. ही लादी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला दक्षिण फ्रान्स आणि कॅटलोनियाच्या बाजूला जन्मली. तिला भट्टी लागत नाही. सिमेंट, पाणी आणि दाब एवढ्यावर काम भागतं. आपल्याकडे ती येण्याआधी बड्या इमारतींसाठी इंग्लंडहून मिंटन कंपनीच्या भाजलेल्या मातीच्या लाद्या जहाजाने येत. भायखळ्याच्या, १८७२ साली उघडलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात त्या आजही पाहता येतात. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पोरबंदरला देशी सिमेंट तयार होऊ लागलं. ३१ जुलै १९२१ला परळमध्ये परदेशी कापडाची होळी झाली, आणि पुढच्याच वर्षी, १९२२ साली, स्वदेशीच्या त्या वातावरणात सिधवा या पारशी घराण्यातल्या फिरोजशा आणि रुस्तम यांनी ‘भारत फ्लोअरिंग्ज अँड टाइल्स’ सुरू केली. तीस-चाळीसच्या दशकांत ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती उठल्या. त्यातल्या काही इमारतींना २०१८ साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतलं. त्या काळात मुंबईत सिमेंटची लादी भरभरून खपली. मग मोझॅक आलं, मग मार्बल, मग सिरॅमिक, आणि आता व्हिट्रिफाइड.

हे सगळं कारखान्याच्या मालकांनी मला ऑफिसात चहा देऊन सांगितलं. मी ऐकत होते, पण लक्ष काचेपलीकडच्या प्रेसकडे होतं.

तिथे जे काम करत होते त्यांना सगळे ‘मामा’ म्हणतात, मीही तेच म्हणू लागले. साठीकडे झुकलेले, मूळचे संगमेश्वरकडचे. समोर साचा : तळाला गुळगुळीत पोलादी पाट, भोवती जाड चौकट, आणि चौकटीत तंतोतंत बसणारी पितळी पट्ट्यांची जाळी. नक्षी म्हणजे ही जाळी. तेलाच्या फडक्याने पाट पुसून मामांनी जाळी बसवली आणि चोचीच्या पळीने एकेका कप्प्यात रंग ओतायला घेतला. व्हाइट सिमेंट, मार्बलची पावडर, ऑक्साइड आणि पाणी, धिरड्याच्या पिठाइतकं सैल. आधी लाल, मग काळा, मग पिवळा, शेवटी मधला पांढरा. चौकट दोन्ही हातांनी धरून जरा हलवली, रंग कोपऱ्यांत भरले. मग त्यांनी माझ्याशी चाललेलं बोलणं अर्ध्यावर सोडलं आणि जाळी सरळ वर उचलली.

रंग एकमेकांत गेले नाहीत. कडेला कडा टेकून राहिले.

“का नाही मिसळत?” मी विचारलं.

“सगळ्यांचं पाणी सारखं आहे ना, ताई. एक जरी पातळ झाला तर दुसऱ्याच्या घरात शिरतो. हा पिवळा फार पाणी पितो, काळा कमी. मोजून घालून चालत नाही, पळीवरनं पडताना बघावं लागतं.”

रंगांवर त्यांनी चाळणीने सिमेंट-वाळूचा कोरडा थर भुरभुरवला. वरचं पाणी तो शोषून घेतो. त्यावर जाड वाळूचा किंचित ओलसर माल भरला, झाकण ठेवलं, साचा प्रेसखाली सरकवला. दाब बसून सुटला. चौकट निघाली, आणि मामांनी लादी उलटी करून पाटावरून सोडवली. तेव्हा कुठे नक्षी दिसली.

म्हणजे रंगाचा थर सगळ्यात खाली असतो आणि काम करणाऱ्याला सतत पाठच दिसत असते. शिवाय लादी उलटली की डावं उजवीकडे जातं. वेल डावीकडे वळायला हवी असेल तर जाळीत ती उजवीकडे वळवावी लागते. एकाने घराचं नाव लादीत घालून मागितलं होतं. त्याची जाळी उलट्या अक्षरांची करून घेतली, हे सांगताना मामांना अजून हसू येतं. लादी दिवसभर घोड्यावर राहते, मग टाकीत बुडते, मग सावलीत आठवडे काढते. रंग खरा कोणता ते वाळल्यावर कळतं, ओला नेहमी गडद दिसतो.

जाळी हातात घेऊन पाहिली आणि संपादकांच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळालं, असं मला वाटतं. पितळी पट्टीला जाडी आहे, पळीच्या चोचीला रुंदी आहे. कप्पा त्याहून अरुंद असला तर रंग आत जात नाही. प्रत्येक आकार चहूबाजूंनी बंद लागतो. गडद रंग हळूहळू फिका करत नेणं अशक्य. निमुळतं टोक फार बारीक केलं तर दाबाखाली विस्कटतं. जुन्या लाद्यांवरच्या भरीव पाकळ्या, बोथट टोकं, ठाम कडा या सगळ्यामागे ही बंधनं आहेत. कुणीतरी युरोपी कॅटलॉग समोर ठेवलाही असेल. पण काय टिकणार आणि काय गळणार हे जाळी बनवणाऱ्याने ठरवलं.

दुसरा निर्णय जमिनीवर होतो, आणि तो आजच्या डिझाइनच्या गप्पांत हरवलेला आहे. आठ इंची लादी आणि १० बाय १२ फुटांची खोली घ्या. एका बाजूला १५ लाद्या, दुसरीला १८, एकूण २७०. कडेने एक ओळ बॉर्डर काढली तर तिच्या ६२ लाद्या. त्यातल्या ४ कोपऱ्याच्या, त्यांचा साचा वेगळा. आत उरतं १३ बाय १६. आता चार लाद्या मिळून पूर्ण होणारं फूल निवडलंत, तर १३ची बाजू विषम असल्याने एका भिंतीला अर्धं फूल येणार. जुने मिस्त्री काय करत? बॉर्डर भिंतीला चिकटवतच नसत. आधी मधली नक्षी खोलीच्या मध्यावर पूर्ण मांडायची, तिला बॉर्डरची चौकट घालायची, आणि बॉर्डर ते भिंत ही जागा एकरंगी लाद्यांनी भरायची. भिंत वाकडी असली तर तो वाकडेपणा त्या साध्या पट्ट्यात जिरतो, कापाकापी तिथेच होते, आणि कपाटंही तिथेच उभी राहतात. पुढच्या वेळी जुन्या घरात गेलात तर नक्षीआधी हा साधा पट्टा पाहा. मला तर आता आधी तोच दिसतो.

दगडाच्या जमिनीतही हे शहाणपण होतं. कोट्याच्या हिरवट जमिनीला काळ्या कडप्प्याची पट्टी, बस्स. शहाबादी तर नक्षीच्या वाटेला गेलीच नाही. तिच्या थराथराच्या पोतावरच घरं शोभली.

आता अडचणी. मालकांनी चहासोबत ‘थोड्या अडचणी आहेत’ म्हटलं होतं, त्या थोड्या नाहीत.

गिऱ्हाईक मोबाइलवर फोटो घेऊन येतं. फोटो बहुधा छापील पोर्सिलेनचा असतो. त्यात केसाएवढ्या रेघा, मुद्दाम झिजवलेल्या कडा, सात-आठ रंग. गुजरातमधल्या मोरबीच्या कारखान्यांत डिजिटल छपाईने तो सहज निघतो, जाळीत बसत नाही. मामा फोटो मोठा करून बघतात आणि बोटाने अर्ध्या रेघा खोडून टाकल्यासारखं करतात. काही गिऱ्हाइकं ऐकतात, बरीच मोरबीचीच लादी घेतात. त्यांना दोष देता येत नाही. ती पातळ आहे, डाग धरत नाही, लगेच मिळते. सिमेंटच्या लादीवर लिंबू किंवा चिंचेचं पाणी सांडून राहिलं तर चट्टा पडतो, हळद मुरते. सांधे भरताना काळा ग्राउट फासला तर फिक्या लादीवर त्याची छाया राहते. बसवताना लोखंडी हातोडीने ठोकली तर तडकते. पावसाळ्यात घाईने दिलेल्या मालावर पांढरा क्षार फुटतो. आणि कुणीतरी संडास-बाथरूमचं अॅसिड टाकून जमीन ‘स्वच्छ’ करतंच. अॅसिड सिमेंट खातं, चमक कायमची जाते.

जुनी घरं पडताना लाद्या वाचवता येतील, असं मला वाटलं होतं. काही वाचतातही, चुन्याच्या मालावर बसवलेल्या असतील तर अखंड सुटतात. सिमेंटवर बसवलेल्या बहुतेक फुटतात. पुनर्विकासात सगळ्यात आधी दारं-खिडक्या आणि लोखंड जातं. लाद्या सोडवत बसायला दिवस कोण देणार? डेब्रिजच्या गोणीत नक्षीचे तुकडे मी पाहिले आहेत आणि ते पाहून चिडचिड होते, एवढंच सांगते.

ज्यांना जुनी जमीन ठेवायची आहे त्यांची अडचण वेगळी. चार लाद्या फुटल्या, नव्या हव्यात. साचा मिळाला तरी रंग जुळत नाही, कारण समोरची लादी सत्तर-ऐंशी वर्षं पायांनी घासलेली आहे. मामांचा यावरचा तोडगा सोपा आहे : कपाटाखालच्या जुन्या लाद्या जपून काढा, त्या मधोमध लावा, आणि नव्या कपाटाखाली ढकला.

पण खरी गाठ जाळीपाशी येऊन पडते. पितळी पट्ट्या वाकवून, डाख देऊन, चौकटीत केसभरही न हलणारी जाळी बनवणारे कारागीर आता या कारखान्याला शोधावे लागतात. माळ्यावर जुने साचे रचून ठेवले आहेत; बॉर्डरचे बरेच, कोपऱ्याचे थोडे. काहींचे कोपरे कधी हरवले कुणालाच आठवत नाही, आणि कोपऱ्याशिवाय बॉर्डर अर्धवट. मी तिथे असताना माटुंग्याच्या एका घरासाठी नेमका हाच घोळ चालला होता. खोलीला कोपऱ्याच्या लाद्या लागणार फक्त चार, आणि चार लाद्यांसाठी नवी जाळी करायची तर तिचा खर्च सगळ्या बॉर्डरपेक्षा जास्त. बॉर्डरचीच लादी पंचेचाळीस अंशांत कापून कोपऱ्यात जोडावी, असं आर्किटेक्टचं म्हणणं. मामांनी दोन लाद्या तशा कापून जमिनीवर मांडून दाखवल्या. वेल सांध्यावर तुटत होती, दोन अर्धी पानं समोरासमोर आपटत होती. घरमालकीणबाईंनी ती बघितली, मग ढिगातली एक साधी काळी लादी उचलून स्वतःच कोपऱ्यात ठेवली. वेल दोन्हीकडून येऊन तिला टेकली. आर्किटेक्टने मान हलवली, मामांनी वहीत लिहिलं : बॉर्डर अठ्ठावन्न, काळी चार, फुटीला सहा जादा.