सांधा कोणत्या बाजूला?

खेळण्यातल्या रेल्वेत जिथे एका मार्गातून दुसरा मार्ग फुटतो, त्या जागेला सांधा म्हणतात. तिथली टोकदार पाती सरकली, की गाडीची वाट बदलते. पाती दुरून नीट दिसत नाहीत. म्हणून फळीवर रुळांचा नकाशा काढून दोन दिवे बसवतात. सरळ मार्गासाठी हिरवा, वळणासाठी पिवळा.

हे दिवे बटणाला जोडू नयेत. बटण दाबूनही पाती कधी अडकतात. पात्यांबरोबर हलणाऱ्या खटक्याला दिवे जोडले, तरच ते खरे सांगतात.

खऱ्या रेल्वेतही तसेच आहे. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बहनगा बाजार स्थानकात तारांची जोडणी चुकलेली होती. सिग्नल सरळ मार्गाचा मिळाला; सांधा मात्र बाजूच्या मार्गाचा होता. कोरोमंडल एक्सप्रेस उभ्या मालगाडीवर आदळली. २९० हून अधिक माणसे दगावली.