चालतें घर आणि बोटीचें तिकीट

माल वाहणारी एखादी जुनी मोटार विकत घ्यावी, तिच्या पोटांत फळ्या ठोकून बिछाना करावा, एका कोपऱ्यांत शेगडी व दुसऱ्यांत पाण्याची टांकी बसवावी, आणि सारें बिऱ्हाड बरोबर घेऊन देशांतरास निघावें, ही हौस ब्रिटनमध्यें आतां सामान्य कुटुंबांतही पसरली आहे. अशा गाडीस तेथें कॅम्पर व्हॅन म्हणतात. कारखान्यांत तयार झालेली गाडी महाग पडते. म्हणून पुष्कळ लोक थोडें सुतारकाम व थोडें विजेचें काम शिकून ती आपल्या अंगणांतच तयार करतात. परंतु ब्रिटन हें बेट आहे. समुद्राखालील बोगद्याची एक वाट सोडली, तर या चालत्या घरास फ्रान्स, स्पेन किंवा आयर्लंड गांठण्यासाठीं बोटीवर चढावें लागतें. आणि तिकीट काढावयास बसतांच मालकापुढें पहिला प्रश्न उभा राहतो तो असा कीं, आपलें वाहन म्हणजे नक्की काय?

अर्जांत मोटार, व्हॅन, घरगाडी असे रकाने असतात. घरीं केलेली गाडी बाहेरून पाहिली तर मालाची, आंतून पाहिली तर राहण्याची. त्यांत आणखी एक अडचण आहे. वाहनांची नोंद ठेवणारें तेथील सरकारी खातें २०१९ पासून गाडीच्या बाह्य स्वरूपाकडे अधिक बारकाईनें पाहूं लागलें. बाजूस खिडक्या, स्वतंत्र दार, उंच छप्पर, उन्हाचा पडदा लावण्याची दांडी अशीं लक्षणें रस्त्यावरून दिसलीं पाहिजेत असा त्याचा आग्रह. त्यामुळें आंत बिछाना व चूल असूनही कित्येक गाड्यांच्या नोंदणीपत्रावर ‘खिडक्यांची व्हॅन’ एवढेंच लिहिलेलें राहतें. मग मालकाच्या मनांत दोन विचार येतात. कागद दाखविला तर व्यापारी गाडीचें भाडें पडेल काय, ही एक भीति. आणि साध्या मोटारीच्या रकान्यांत खूण केली तर चार पैसे वांचतील काय, हा एक मोह.

या दोहोंचें उत्तर बोटीच्या रचनेंत आहे. १९२८ सालीं स्टुअर्ट टाउनसेंड या गृहस्थानें डोव्हर व कॅले यांच्यामध्यें मोटारी नेण्यासाठीं एक कोळशाची बोट भाड्यानें घेतली, तेव्हां प्रत्येक मोटार यारीनें उचलून बोटीवर ठेवावी लागे. पुढें बोटींना पुढून व मागून दारें आलीं, आणि वाहनें स्वतःच्या चाकांवर आंत शिरून पलीकडच्या तीरावर तशींच बाहेर पडूं लागलीं. या पद्धतीस ‘रो-रो’ म्हणतात. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास जाणारी वाहनांची बोट २०२० सालीं सुरू झाली. तिच्यामुळें ही पद्धत मुंबईकरांच्याही परिचयाची आहे.

या बोटींच्या पोटांत एकावर एक मजले असतात. कांहीं मजले ट्रक उभे राहतील एवढे उंच, तर कांहीं केवळ मोटारींपुरते ठेंगणे. कित्येक बोटींत मधला मजला वरखालीं करतां येतो. तो खालीं आणला म्हणजे एका ट्रकच्या उंचींत मोटारींच्या दोन ओळी, एकीवर एक, मावतात. आतां अडीच मीटर उंचीची व्हॅन आली, कीं ती या दोन्ही ओळींची जागा एकटी खाते. उंच गाडीस अधिक भाडें पडतें तें याच कारणानें. अर्जांत लिहिलेली उंची म्हणजे त्या गाडीनें बोटीच्या पोटांत किती जागा व्यापावयाची याचा करार होय. ती कमी सांगणारा मनुष्य धक्क्यावर मापाच्या दांड्याखालीं पकडला जातो. आणि त्या दिवशीं उंच मजला भरलेला असेल, तर अधिक भाडें देण्याची तयारी असूनही कुटुंबासह मागें राहतो.

लांबीचेंही तसेंच आहे. फियाट डुकाटो ही व्हॅन घरगाड्यांसाठीं पुष्कळ वापरली जाते. तिच्या एका लोकप्रिय आकाराची लांबी सहा मीटरांहून किंचितच कमी असते. कित्येक दरपत्रकांत सहा मीटरांशीं सीमारेषा आंखलेली असते. तिच्यामागें सायकलींची चौकट अडकविली, कीं गाडी ती रेषा ओलांडते. म्हणून कारखान्याच्या पुस्तकांतील आंकडा अर्जांत उतरवूं नये. फीत घेऊन पुढच्या टोंकापासून मागच्या टोंकापर्यंत आणि जमिनीपासून छपरावरील पेटी, झरोका किंवा सौर पट्ट्यापर्यंत प्रत्यक्ष माप घ्यावें. नोंदणीपत्राचा प्रश्न उरतो. त्याविषयीं प्रत्येक कंपनीचा नियम निराळा आहे. कित्येक कंपन्या गाडीच्या आंत झोंपण्याची व स्वयंपाकाची कायमची सोय आहे किंवा नाहीं हेंच पाहतात. तेव्हां तिकिटापूर्वींच कंपनीस सर्व हकीकत व आंतील छायाचित्रें पाठवावीं आणि आलेलें लेखी उत्तर प्रवासांत जवळ ठेवावें.

वजनाची गोष्ट याहून गंभीर आहे. घरीं गाडी बांधणारा मनुष्य फळी, खिळा, पेटी असें करीत किती भार चढला याचा हिशेब बहुधा ठेवीत नाहीं. शंभर लिटर पाणी म्हणजेच शंभर किलो. ब्रिटनमधील अशा बहुतेक गाड्यांस ३,५०० किलोंची मर्यादा असते. सर्व सामान भरून गाडी एकदां वजनकाट्यावर नेली म्हणजे शंका राहत नाहीं. एका व्हॅननें बोट कलत नाहीं हें खरें. परंतु बोटीचा अधिकारी प्रत्येक वाहन स्वतः तोलूं शकत नाहीं. तो कागदावरील आंकड्यांवर विश्वास टाकतो, आणि असे शेंकडों विश्वास मिळून एका जहाजाचा तोल होतो.

हा विश्वास ढळला म्हणजे काय होतें तें ६ मार्च १९८७ रोजीं दिसून आलें. ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही बोट बेल्जममधील झेब्रुग्ग बंदरांतून डोव्हरकडे निघाली, तेव्हां तिच्या नाळेकडील, म्हणजे पुढचें, दार उघडेंच होतें. दार लावण्याचें काम ज्याच्याकडे होतें तो खलाशी आपल्या खोलींत झोंपला होता. दार लागलें असेल असें इतरांनीं गृहीत धरलें. आणि कप्तानाच्या जागेवरून तें दिसत नव्हतें. पाणी वाहनांच्या मजल्यावर शिरलें. त्या विस्तीर्ण मजल्यास आडव्या भिंती नसल्यामुळें तें एका बाजूस धांवलें आणि कांहीं मिनिटांतच बोट कलंडली. १९३ माणसें मृत्यु पावलीं. पुढील चौकशींत मालमोटारींच्या कागदोपत्रीं सांगितलेल्या वजनांचा ढिलेपणाही उजेडांत आला. दुर्घटनेचें कारण उघडें दार हेंच होतें. परंतु ‘दुसऱ्यानें पाहिलें असेल’ ही वृत्ति दारापाशीं आणि कागदापाशीं एकच होती.

घरगाडींतील गॅसकडेही याच दृष्टीनें पाहावें. बंदिस्त मजल्यावर गळलेला गॅस हवेहून जड असल्यामुळें तळाशीं सांचतो व एका ठिणगीची वाट पाहतो. म्हणून सिलिंडर किती आहेत तें आधीं कळवावें, आणि बोटीवर चढण्यापूर्वीं त्यांच्या तोंडाशीं असलेली चावी बंद करावी. केवळ शेगडीची बंद करून भागत नाहीं. गॅसवर चालणारें शीतकपाटही विझवावें लागतें. इंग्लंडहून स्पेनमधील सांतांदेर येथें जाण्यास जवळजवळ एक दिवस व एक रात्र जाते. तेवढ्या वेळांत दूध नासेल हें ध्यानांत ठेवूनच शिधा भरावा. प्रवास चालू असतां वाहनांचा मजला कुलुपबंद असतो, आणि आपल्याच घरांत जाऊन निजण्याची मुभा नसते. यासाठीं औषधें, पांघरूण, मुलांचा खाऊ व पारपत्रें यांची एक लहान पिशवी आधींच वेगळी काढावी. इटली व ग्रीस यांच्यामधील कांहीं बोटींवर उन्हाळ्यांत आपल्या गाडींत झोंपूं देत. परंतु ती सवलत हवा खेळत्या उघड्या मजल्यापुरती असे.

स्वतःच्या हातांनीं बांधलेल्या घराचा अभिमान वाटावा हें स्वाभाविकच आहे. रस्त्यावर त्या घराचा धनी मालकच. परंतु तें बोटीच्या उतरणीवरून आंत गेलें, कीं शेंकडों अनोळखी माणसांच्या जीविताशीं त्याचा संबंध जडतो. तिकिटाच्या अर्जांतील ते चार रकाने, लांबी, उंची, वजन आणि गॅस, हे त्या संबंधाचेच आहेत. फीत व वजनकाटा यांनीं सांगितलेले आंकडे जो जसेच्या तसे भरतो, त्यास थोडें अधिक भाडें पडेल. पण धक्क्यावर मापाचा दांडा पुढें आला असतां त्यास मान खालीं घालावी लागणार नाहीं, आणि वरच्या मजल्यावर तो निश्चिंतपणें बसूं शकेल.